दिवेलागणीनंतरचा इस्तो

पूनमनं जयमालाबाईंच्या सायकलला सामान बांधून दिलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि देऊळघाटच्या गल्लीतली धूळ अजून दवानं दबलेली होती. हँडलला तंबूची वळकटी, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पिशव्या, सीटखाली स्लीपिंग बॅग. हे सगळं पूनमचं. जयमालाबाईंचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच बोचकं होतं, देवीच्या ओटीचं. खण, नारळ, हळदकुंकू, एका डबीत कणीक आणि फुलवाती.

"काकू, नारळ तिथंच घेतला असता न लोणारले. चढावर एक-एक छटाक जड लागते."

"देव्हाऱ्यासमोर ठेवलेला हाय तो. तुह्या चाकाले जड होत असंन तर मी डोक्यावर घेऊन चालवते."

"घ्या न. लोकं म्हणतीन, काकूचं हेल्मेट पाह्य किती भारी!"

पूनम शेजारच्या घरातली, शाळेत खेळ शिकवणारी. सुटी लागली की सायकलला बिऱ्हाड बांधून कुठं कुठं मुक्कामाला जाणारी. तिला हसायला कारण लागत नसे. ओट्यावर उभे असलेले वामनराव मात्र हसले नाहीत. "या वयात सायकल चालवून देवीले जाणारी बायको माह्याच नशिबात," एवढं म्हणाले आणि आत गेले.

हौसेनं कोण जातं! नवस पायी जाण्याचा होता. शाकंभरी पौर्णिमेला लोणारच्या कमळजेची ओटी भरायची, तीही पायी जाऊन. पण मार्गशीर्षात गुडघ्यानं असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, चालू नका, सायकल चालली तर चालेल. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "इंजिन नको, बाई. पायाच्या बळानं गेलं म्हणजे पायीच." मग दीड महिना रोज पहाटे पूनमच्या मागं सायकल शिकणं, पडणं आणि उठणं.

नवस लेकीसाठी होता. मयुरी उंद्रीला दिली होती. दोनदा तिला दिवस गेले, दोन्ही वेळा बाळंतपणाला माहेरी आणली, आणि दोन्ही वेळा जयमालाबाईंच्या घरातून ती रिकाम्या हातांनी परत गेली. तिसऱ्या खेपेला डोहाळजेवणाच्या पंगतीत, चार बायांच्या देखत, विहीण मंजुळाबाई बोलल्या होत्या, "दोनदा भरली ओटी तुमच्या घरी धाडली. आता तुमचं माहेर तुमच्यापाशीच ठेवा. पोरीले पाहायले बी येऊ नका, सुटका होईलोग."

  घरी येऊन जयमालाबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि मागचं एकेक आठवत राहिल्या. आपलं कुठं चुकलं? आठवता आठवता सापडलं. दुसऱ्या खेपेला, मयुरी घरात असताना, दिवे लागल्यावर शेजारीण विरजणाला दही मागायला आली होती. तिन्हीसांजेनंतर दूधदही, मीठ, चुलीतला इस्तो उंबऱ्याबाहेर द्यायचा नसतो. घरची बरकत त्याच्यामागं जाते. जयमालाबाईंनी भिडेपोटी दही दिलं. दुसऱ्या दिवशी मयुरीच्या पोटातलं हलणं थांबलं.

या खेपेला काही म्हणजे काही चुकू द्यायचं नव्हतं.

दुपारी चिखली लागली. तिथून उंद्रीकडचा रस्ता फुटतो. जयमालाबाईंनी एक पाय टेकवला आणि त्या रस्त्याकडं पाहत राहिल्या.

"जाऊन येता का, काकू? बाहेरूनच पाहून येऊ."

"बोलावलं नाही," जयमालाबाई म्हणाल्या आणि मेहकरच्या दिशेनं पॅडल मारलं.

*

उन्हं कलली तेव्हा मेहकर अजून दहा-बारा किलोमीटर होतं आणि जयमालाबाईंचा गुडघा भरून आला होता. पक्क्या रस्त्यापासून आत, एका धुळीच्या वाटेवर, कारभारी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं खळं होतं. एका बाजूला सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुश्याची, गंजी, दुसरीकडं उपटून रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. खाली पसरलेला हरभरा आणि त्याच्या पलीकडं उभी तूर.

"घरी चाला न माय. अशा थंडीत उघड्यावर?"

"नवस हाय बाबा. दुसऱ्याच्या छपराखाली पाठ टेकता येत नाही."

"मंग कुटार घ्या, पऱ्हाट्या जाळा, काही लाजू नका. फकत हरभऱ्यात जाऊ नका. पाणी सोडलं हाय." म्हातारा मफलर गुंडाळत गावाकडं गेला.

पूनमनं आधी जमिनीवर वीतभर कुटार अंथरलं, मग त्यावर तंबू ठोकला. "सगळ्यांले वाटते थंडी वरून येते," ती म्हणाली. "थंडी खालून येते, काकू. जमीन माणसाची ऊब पिऊन घेते. म्हणून पांघरायचं मागून, अंथरायचं आधी." तिनं घामेजलेले मोजे काढायला लावून कोरडे घालायला दिले, पोटाला वर्तमानपत्राची घडी बांधली, गूळ-शेंगदाणे खायला लावले. पोटात जाळ पाहिजे म्हणे. पाणी उकळलं की स्टीलच्या बाटलीत भरून पायाशी घेऊन झोपायचं, आणि मोबाईलही पांघरुणात घ्यायचा, नाहीतर गारठ्यानं बॅटरी मरते. "तसं बी इथं रेंज कुठं हाय," असं स्वतःच म्हणून तिनं आपला खिशात टाकला आणि जयमालाबाईंचा त्यांच्या हाती दिला.

दिवेलागणीला जयमालाबाईंनी कणकेचा दिवा केला. फुलवात तुपात भिजवून लावली, लोणारच्या दिशेला हात जोडले. मग त्याच दिव्यावर पऱ्हाटीची काडी धरून त्यांनी जाळ पेटवला. आजच्या रात्रीपुरती ही देवीचीच धुनी. वर चतुर्दशीचं चांदणं होतं. तुरीच्या शेंगा स्वच्छ दिसत होत्या, इतकं. पण दहा वाजायच्या सुमाराला हरभऱ्यातून धुकं उठलं आणि जाळाच्या चार हातांपलीकडं सगळं पुसून गेलं. बोलताना दोघींच्या तोंडून वाफ येत होती. पूनम बॅगेत शिरली. जयमालाबाई जाळाशी बसून जप करत होत्या.

"बाई... ओ बाई..."

आवाज सायकलींच्या बाजूनं आला. हळू होता. झोपलेलं कुणी जागं होऊ नये म्हणून माणूस बोलतं, तसा.

धुक्याच्या कडेला एक बाई उभी होती. बाई कसली, मयुरीच्या वयाची पोरच. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, कानात कापूस, छातीशी जुनेऱ्यात गुंडाळलेलं लेकरू. दुसऱ्या हातात अर्धी गोवरी.

"थोडा इस्तो देता का? माह्या बाजेखालची शेगडी विझली. लेकरू गार पडून राह्यलं."

तिनं गोवरी पुढं धरली. पूर्वी आळीतल्या बाया अशाच यायच्या, गोवरीवर निखारा घेऊन घरी चूल पेटवायला. जयमालाबाईंनी नकळत चिमट्यासाठी हात लांबवला, आणि मग तो तसाच राहिला.

"घर कुठं हाय तुमचं?"

"हे इथंच." तिनं मागं मान हलवली. मागं तूर होती. दिवा कुठंच नव्हता.

"कितवा रोज बाळंतीण होऊन?"

"आजचा चवथा."

जयमालाबाई उठून दोन पावलं मागं सरल्या. चवथा दिवस म्हणजे ओली बाळंतीण. विटाळ. आणि समोर देवीच्या दिव्यावर पेटवलेला जाळ. तिला जवळ बसवून शेकूही देता येत नव्हतं, आणि दिवे लागल्यावर इस्तो बाहेरही देता येत नव्हता. आणि मयुरीचा नववा महिना...

"द्या न काकू!" पूनम तंबूतून अर्धी बाहेर आली होती. "काय इचारत बसल्या?"

"दिवे लागले, पूनम. आन् हा जाळ देवीचा हाय."

"मंग? एक निखारा दिला तर देवीले काय हुडहुडी भरते का?"

"मागच्या खेपेले दही दिलं होतं मी," जयमालाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "फकत दही. मयुरीचं पोट गेलं, पूनम. आता नाही. मले आता कोणी काही मागू नका."

 पूनमनं पायाशी घेतलेली गरम पाण्याची बाटली काढली आणि अनवाणी पुढं होऊन त्या पोरीसमोर धरली. "ताई, हे घ्या. लेकराच्या पोटाशी धरा."

पोरीनं बाटलीकडं पाहिलंही नाही. "इस्तो पाहिजे होता," ती म्हणाली.

जयमालाबाईंनी दोन भाकरी आणि गुळाचा खडा दुरून जमिनीवर ठेवला. "हे न्या, माय. आन् दिवस उगवला की मी सोता निखारे आणून देते तुमच्या दारात. देवीची आण."

"सकाळी?" पोरीनं जुनेऱ्याचं टोक वर केलं, आत पाहिलं, पुन्हा झाकलं. लेकरू रडत नव्हतं. चार दिवसांचं लेकरू एवढ्या गारठ्यात कुरकुरत सुद्धा नव्हतं. "बरं."

ती जाईल असं वाटलं. पण ती उभी राहिली. तिच्या अंगाला बाळंतिणीच्या अंगाला येतो तसा शेपा-ओव्याच्या धुरीचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता, खणून वर काढलेल्या.

"पोटुशी कोण हाय तुमची? लेक?"

"हाव."

"कुठं असते?"

"उंद्रीले. दिवस भरत आले तिचे, म्हणून... म्हणून देता येत नाही, बाई. राग नका येऊ देऊ."

"राग काऊन येईन?" पोर म्हणाली. आवाजात खरंच राग नव्हता, आणि तेच जयमालाबाईंना सोसवेना. "लेकीसाठी कोणती बी माय हेच करंन. थंडी लागू देऊ नका तिले. बाळंतपणात एकदा गारठा शिरला की निंगत नाही."

अर्धी गोवरी तिनं सायकलच्या चाकापाशी ठेवली आणि धुक्यात मागं सरली.

 मग पूनम बॅगेत शिरता शिरता म्हणाली, "काकू, तुमच्या देवीले बी लेकरं असतीन न?" आणि तिनं पाठ फिरवली.

*

त्यानंतरच्या थंडीला थंडी म्हणणं चूक होतं. जयमालाबाईंनी पौषातल्या पहाटे पाण्यात उभं राहून स्नानं केली होती. ती थंडी अंगाला लागायची आणि टॉवेलनं पुसली की जायची. ही आत बसली होती. बॅग गळ्यापर्यंत ओढली, शाल घेतली, पूनमच्या पाठीला पाठ लावली, तरी दात वाजायचे थांबेनात. पायाशी घेतलेली बाटली तासाभरातच विहिरीतून काढल्यासारखी गार झाली. बाहेर जाळ होता, पण दोन वेळा उठून पऱ्हाट्या घातल्या तरी तो नुसता दिसत होता. हात अगदी जवळ नेला तरी ऊब लागत नव्हती.

"काकू," अंधारात पूनम पुटपुटली, "जमीन पिऊन राह्यली."

तीनच्या सुमाराला जयमालाबाईंना राहवलं नाही. देवी, मला पाप लागायचं ते लागो. पण ते लेकरू कुरकुरत नव्हतं. आपल्या दोन नातवंडांचीही त्या दोन वेळा अशीच शांतता होती, आणि आपण मात्र आज समोर उभं असलेलं लेकरू पाठीमागं लोटलं. त्या उठल्या, स्टीलच्या ताटलीत निखारे घेतले आणि पदर सावरत तुरीकडं निघाल्या.

"बाई... ओ बाई... घ्या इस्तो..."

त्यांनी हाक मारली आणि त्या थबकल्या. आपला आवाज हुबेहूब तिच्यासारखा आला होता.

तुरीच्या मागं घर नव्हतं. झोपडी नव्हती, बाज नव्हती, शेगडीची राख नव्हती. हरभऱ्याच्या सऱ्यांत पाणी चमकत होतं आणि त्या चिखलात कुणाचंही पाऊल नव्हतं. जयमालाबाई बांधाबांधानं फिरून खळ्याकडं परतल्या. वाटेच्या धुळीवर मोबाईलचा उजेड टाकला, तेव्हा दिसलं. संध्याकाळी आपण आलो त्या सायकलींच्या चाकांच्या दोन रेषा, आणि त्यांच्यावर उमटलेली लहान, अनवाणी पावलं. खळ्यापासून सुरू झालेली. आत नव्हे, बाहेर जाणारी. पक्क्या रस्त्याकडं, आणि रस्त्याला लागून डावीकडं, म्हणजे चिखलीच्या दिशेला.

चार दिवसांची बाळंतीण, एवढ्या रात्री, लेकरू घेऊन चिखलीकडं कशाला गेली?

ताटलीतले निखारे काळे पडले होते. ताटली हातात होती आणि हाताला चटका म्हणून लागला नव्हता.

*

फटफटल्यावर दोघींनी तंबू आवरला. पूनमनं एकदा जयमालाबाईंचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले आणि म्हणाली, "मी रात्री जास्त बोलली, काकू."  पहाटेचं जयमालाबाईंनी तिला सांगितलं नाही.

पक्क्या रस्त्याला लागल्या आणि रेंज आली. जयमालाबाईंचा मोबाईल थरथरत राहिला. जावयाचे नऊ फोन येऊन गेले होते, पहिला साडेदहाचा, शेवटचा पाचचा.

जयमालाबाईंनी सायकल आडवी टाकली. बोटं वाकत नव्हती. नंबर पूनमनं लावून दिला. फोन मयुरीनंच उचलला.

"आई! कुठं होती तू? मुलगी झाली, आई. सव्वातीनले. चिखलीले आणलं मले दवाखान्यात. दोघी चांगल्या आहोत."

जयमालाबाई रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. सूर्य वर येत होता. कुठल्या दिशेला हात जोडावे ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी सगळीकडंच जोडले. इतक्या वर्षांचे उपास, ओट्या, अनवाणी फेऱ्या, सगळं पोचलं होतं. पूनम रडत होती आणि हसत होती.

"आन् आई, सासूबाई काय म्हणाल्या माहिती?" मयुरीचा आवाज दमलेला होता, पण त्यात कित्येक वर्षांत न ऐकलेलं सुख होतं. "म्हणाल्या, तुह्या मायनं माणूस पाठवला, मी उगीच बोलली तिले. तू घरी आली की पाया पडते म्हणाल्या."

"कोण माणूस?"

"असं काय करतं? तू पाठवलेली बाई. अकराले दवाखान्यात आली न ती. जयमालाबाईनं धाडलं म्हणाली, देऊळघाटच्या. लेकीले शेक द्यायले. रातभर माह्या पायाशी बसून तळपाय चोळले तिनं. काय गरम वाटलं, आई... इतकं गरम मले कधीच वाटलं नव्हतं. सासूबाई तर निवांत झोपल्या."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. तिचा आवाज जाईपर्यंत जयमालाबाई थांबल्या. रात्रीच्या त्या पोरीला त्यांनी आपलं नाव सांगितलं नव्हतं. आपलं गावही नाही.

"मयुरी... ते बाई आता कुठं हाय?"

"हे काय, खिडकीपाशी. बाळाले घेऊन बसली. तिचं बी लहान लेकरू हाय, आई, पोरगीच. त्याले थंडी भरली म्हणे. म्हणून दोघींले एकाच दुपट्यात गुंडाळून बसली. आपल्या बाळाच्या उबेनं तिचं गरम होईन..."

"बाळ घे तिच्यापासून." जयमालाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आत्ता घे. जावयाले हाक मार. आपली पोरगी घे, मयुरी!"

"अव, वरडतं काऊन? घेते न." पलीकडं खाट कुरकुरली. पावलं. मग मयुरी काहीतरी हळू बोलली, आणि हसली, आणि ते हसू मधेच थांबलं.

"मयुरी?"

"आई... दोघी सारख्याच दिसतात."

"हाताले पट्टी पाह्य. नर्सनं पट्टी बांधली असंन नावाची."

"हाय पट्टी." पलीकडं दुपट्याची घडी उलगडल्याचा आवाज आला. "दोघींच्या हाताले हाय, आई. दोन्हीवर माहंच नाव हाय."

पूनमनं जयमालाबाईंचा दंड धरला होता. जयमालाबाई फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"माहं ऐक. हात लावून पाह्य. जी गरम लागंन ती आपली. जी गरम हाय, ती उचल आन् बाहेर नीघ."

 मग मयुरीचा आवाज आला, अगदी हळू. झोपलेलं कुणी जागं होऊ नये म्हणून बोलावं, तसा.

"आई... आता दोघी बी गरम हायेत."